खाऱ्या विहिरीतला जिवाणू

वसाहत दीड मिलिमीटरची. कडा गुळगुळीत, मधोमध फिकट नारिंगी ठिपका. गावच्या विहिरीच्या पाण्यातून मी ती पहिल्यांदा वाढवली तेव्हा आई जिवंत होती.

आमचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं. ते पाणी पिऊनच आईची मूत्रपिंडं गेली असं बाबा म्हणतात; मला तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. एका जनुकाची तुलना केली तेव्हा हा जिवाणू ज्ञात प्रजातींच्या यादीतल्या कुणाशीच पुरेसा जुळला नव्हता. मग आईचं डायलिसिस सुरू झालं. वर्षभर मी तिच्याजवळ होते आणि जिवाणूची नळी अमरावतीच्या प्रयोगशाळेत, फ्रीजरमध्ये.

आई गेल्यावर मी बाबांना सांगून टाकलं, नव्या प्रजातीला तिचं नाव देईन. संपूर्ण जनुकसंच वाचून व्हायच्या आधीच सांगितलं.

जनुकसंच उन्हाळ्यात हाती आला. यादीत नव्यानेच आलेल्या एका जिवाणूशी साम्य ९७.९ टक्के. पंच्याण्णव-शहाण्णवच्या वर गेलं की प्रजाती एकच. ज्याच्याशी जुळला, तो कुणीतरी दूरच्या मिठागरातून काढला होता, नावही देऊन टाकलं होतं. माझी नळी फ्रीजरमध्ये होती, त्याच वर्षी.

मी तुलना तीनदा केली. आकडा हलला नाही. शोधनिबंधाच्या मसुद्यात आईचं नाव तसंच होतं. मार्गदर्शक मॅडम विचारायच्या, मी पुढच्या आठवड्यावर ढकलायचे. चार महिने.

रविवारी घरी गेले. बाबांनी आईच्या स्मृतिदिनाच्या, पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेचा नमुना पुढे केला. शेजारच्या माणिकबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या.

"वाच. मनकर्णा देवमन बरोबर हाय ना? खाली लिवलं, जगाच्या यादीत नाव."

"पोरी, माह्या नावाचा बी काढ एखादा जंतू," माणिकबाई म्हणाल्या.

"तुह्या नावाचा काढला तं साऱ्या गावाले हगवण लागन!"

स्वतःच्याच बोलण्यावर बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसताच त्यांनी चष्मा पुसला.

"उद्या छापाले देतो. दोनशे पुरतीन? विहारातच दीडशे लागतीन."

मी नमुना घडी करून मांडीवर ठेवला.

"कावून? चुकलं काई?"

"बाबा, छापाले देऊ नका. तो जिवाणू नवा नाही. आईचं नाव मी मागं घेऊन राहिली."