तेनरीने काढलेली वाट

"आई, माझं चित्र बाईंनी दारावर लावलंय! बाकीच्यांची आत भिंतीवर, माझं एकटीचं दारावर!"

हसना सुकी मासळी निवडत होती. "कसलं चित्र गं?"

"शाळेतून घरी यायच्या वाटेचं. रस्त्याखालची मोरी काढली, मग पामच्या सात ओळी, नाल्यावरची फळी, निळं पिंप आणि मग आपलं घर. सादियामावशीचं पण काढलं. अकराच्या अकरा काढली."

हसनाच्या हातातली मासळी हातातच राहिली.

मलेशियातल्या सबा राज्यातल्या त्या पाममळ्यात नाल्यापलीकडे अकरा झोपड्या होत्या आणि इथे राहायच्या परवान्याचे कागद एकाही घरात नव्हते. सगळे समुद्रापलीकडून होडीने आलेले. मुकादमाला घड तोडायला माणसं हवी असत, पण ती राहतात कुठे हे तो कधी विचारत नसे. पोरं चालायला लागली की आया त्यांना दोन गोष्टी शिकवत. गाडीचा आवाज आला की गवतात आडवं पडायचं, आणि कोणी घर विचारलं की समुद्राकडे बोट दाखवायचं. अशा पोरांना घेणारी एकच शाळा होती, डांबरी रस्त्यापलीकडची, पत्र्याची. तिथे फुकट शिकवायला फिनलंडहून आयनोबाई आल्या होत्या.

"घर विचारलं तर काय सांगायचं, हे शिकवलं होतं ना तुला?"

"पण बाईंनी विचारलं! बाई म्हणजे काय कोणीही आहेत का?" तेनरीचे ओठ थरथरले. "उद्या पाहुणे पण येणारेत बघायला. मोठ्या गाडीतून. एक तर गणवेशातले साहेब आहेत."

शेजारच्या दारातून सादियामावशीने सगळं ऐकलं होतं. "वा! मग चटई अंथर, चहा टाक साहेबांना. लेक शिकवायची हौस ना तुला?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "हसना, जा गं. पाया पड त्या बाईच्या, पण ते चित्र घेऊन ये."

चार वर्षांत हसनाने दिवसाउजेडी तो रस्ता ओलांडला नव्हता. बासो, तिचा नवरा, अजून कामावर होता. त्याची वाट बघायला वेळ नव्हता. ती मोरीपर्यंत आली आणि लॉरीचा आवाज ऐकू आला. लेकीला शिकवलेलं तिने स्वतः केलं. चिखलात गाल टेकवून ती पडून राहिली. लॉरी गेल्यावर उठून तिने रस्ता ओलांडला.

शाळेच्या दारावर चित्र होतं. दुरूनच दिसत होतं. झोपडीच्या दारात तेनरीने एक बाई काढली होती, तिच्या कडेवर पोर, आणि दोघींच्या केसांत एकसारखी फुलं. इतक्या भीतीतही हसनाला वाटलं, किती छान काढलंय माझ्या बाळानं.

"तेनरीची आई!" आयनोबाई मोडक्यातोडक्या मलय भाषेत बोलत बाहेर आल्या. "या, या!"

"हे चित्र खोटं आहे, बाई. पोरगी थापा मारते."

"नाही, नाही! काल मी चित्र घेऊन तुमच्या घरापर्यंत चालत गेले. फळी, पिंप, सगळं बरोबर! एकदा पण नाही चुकले. तुम्ही कपडे वाळत घालत होता. म्हटलं त्रास नको, परत आले."

काल कोणीतरी हसनाच्या घराजवळच्या फळीवर उभं होतं, आणि अकरा घरांत कुणाला कळलं नव्हतं.

"सगळ्याचे फोटो काढले?" हसनाने विचारलं.

"हो! पाहुण्यांना पाठवले. इतकी हुशार मुलगी..."

हसनाने चित्र ओढून काढलं. कोपरा दारालाच चिकटून राहिला. "आमच्याकडे कागद नाहीत, बाई," ती म्हणाली. बाहेरच्या माणसासमोर हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती.

आयनोबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या पायरीवर मटकन बसल्या. "मला वाटलं... मी सांगते त्यांना, पुसा म्हणते..."

"तुम्ही चांगल्या आहात," हसना म्हणाली. ते खरंच होतं. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

सूर्य मावळायच्या आत अकरा झोपड्यांचे पत्रे उतरले. बासो म्हणाला, दलदलीपलीकडे जुनी शेड आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. शाळेचं नाव कोणी काढलं नाही. सादियामावशी भांडी बांधत पुटपुटली, "ही पोरगी नवीन जागाही सांगेल बघ."

हसनाने डोक्यावरची ओढणी काढली. "तेनू, आपण खेळ खेळायचा हं. डोळे बांधून जायचं."

तेनरी हसली. पहिली दहा-वीस पावलं हसतच राहिली. हसना तिला मुद्दाम वळणं घेत नेत होती, एकाच झाडाभोवती दोनदा. मग तेनरीची बोटं आईच्या बोटांत रुतू लागली.

"आई."

"काय गं बाळा?"

"मांजरीला पोत्यात घालून लांब सोडतात, तिला परत येता येऊ नये म्हणून. तसं का?"

हसना जागीच थांबली. पुढे बासो पत्र्यांच्या ओझ्याखाली वाकून चालला होता. मागे, डांबरी रस्त्याच्या बाजूला, कुठलीशी गाडी थांबल्याचा आवाज झाला. की भासच?

तिने गाठ सोडली. ओली झालेली ओढणी लेकीच्या गालावरून ओढून घेतली.

"नाही गं राणी. बघ. इथून डावीकडे वळायचं. सगळं नीट बघून घे."

तेनरी बघत होती. आणि हसना वळून वळून मागे बघत होती.