सातच्या नेपाळी बातम्या

तामाङ भाषेतल्या बातम्या संपल्या तसा जुनेलीने माईक बंद केला आणि आईला फोन लावला.

"आमा, निघालात का?"

"कुठे? छान वाचलंस हो. पण घसा बसलाय गं तुझा."

"घशाचं मरू दे! वरच्या नव्या रस्त्याखाली भेग पडलीय, डोंगर कधीही खाली येईल, सगळे शाळेच्या माळावर जा, असं सांगितलं ना मी?"

"ऐकलं सगळ्यांनी. पण मुखिया म्हणतात, सातला नेपाळी बातम्या आहेत, त्यात काय येतं बघू. एवढं गंभीर असतं तर नेपाळीत आलं असतं. आपल्या भाषेतलं म्हणजे घरातलं बोलणं."

"मग तू तरी नीघ!"

"एकटी? शेळ्या टाकून? पोरीचं ऐकून पळाली म्हणून गाव हसेल."

जुनेलीने फोन ठेवला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं! या रेडिओच्या टॉवरचं लोखंड ह्याच गावाने खांद्यावरून चढावर नेलं होतं, तिचा बापही त्यात होता. त्याआधी माहेरच्या मरणाची बातमी तेराव्यानंतर पोचायची. तामाङ बातम्या सुरू झाल्या त्या दिवशी म्हाताऱ्या रडल्या होत्या. आणि आता त्याच बातम्यांवर कुणी उंबरा ओलांडायला तयार नाही.

भेग तिने स्वतः पाहिली होती. काल तिच्यात हात जात होता. आज गुरुजींनी फोनवर सांगितलं, म्हशीचा पाय जाईल. आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

नेपाळी बातम्यांतून ही बातमी रेडिओच्या अध्यक्षाने, तीर्थराजने, दुपारीच काढून टाकली होती. रस्ता खोदणारा बुलडोझर त्याचाच, मग काय! ती पुन्हा त्याच्यापुढे उभी राहिली.

"दाइ, तुम्ही मोठे भाऊ. नेपाळीत एक ओळ वाचू द्या."

"बहिनी, रस्ता आला म्हणजे विकास आला. विकासाला नाट लावणारी बातमी आपल्या रेडिओवर नको. तामाङमध्ये वाचलीस ना? मी अडवलं का?"

"तुम्हाला ती भाषा कळत नाही म्हणून नाही अडवलंत."

"जीभ फार चालते तुझी," तो हसत म्हणाला आणि स्टुडिओच्या काचेपलीकडे खुर्ची ओढून बसला. नेमकी तिच्या समोर.

आई तिथे खाली बसलीय, शेळ्यांना चारा टाकत, आणि हा माणूस चहा पितोय! जुनेलीने माईक पुढे ओढला. सात वाजले. तिने समोरचा कागद उलटा ठेवला.

"मुख्य बातमी. साल्मेडाँडा गावाच्या वर नव्या रस्त्याखाली जमीन फाटली आहे. गावकऱ्यांनी ताबडतोब—"

माईकवरचा लाल दिवा विझला. तीर्थराजने शेजारच्या यंत्रांच्या खोलीत जाऊन प्रक्षेपणाचं बटण बंद केलं होतं. त्या खोलीला कुलूप लावून तो किल्ली खिशात टाकत आला.

"झालं समाधान? उद्यापासून यायचं नाही."

"नाही येत! शिव्या नंतर द्या, आधी ते चालू करा. माझी आई आहे तिथे!"

तो ढिम्म हलला नाही. ती फोन लावत राहिली. आई उचलेना. अर्धंच वाक्य गेलं, वीज गेली म्हणतील आणि जेवायला बसतील, असं तिला वाटत होतं. रडू येत होतं आणि रागही. शेवटी फोन लागला. आईला धाप लागली होती.

"माळावर आलो गं. सगळे."

"सगळे? अगं, मी तर पुरतं सांगितलंही नाही!"

"म्हणून तर! तुझ्या रेडिओजवळच्या बाजारातले दिवे इथून दिसत होते. वीज गेली नव्हती, तुझाच आवाज गेला. मुखिया ताडकन उठले. म्हणाले, पोरीचं खोटं असतं तर तिला पुरतं बोलू दिलं असतं. उचला पोरं."

"शेळ्या?"

"आणल्या. मका राहिला. अगं, थांब..."

फोनमधून घरघर ऐकू आली. मग खिडकीतूनही. टेबलावरचा चहाचा पेला हलला. फोनमध्ये बायका ओरडत होत्या.

"आमा! आमा!"

"आहे, आहे. घर गेलं, बाई. आपलं घर गेलं."

जुनेलीने डोळे पुसले. तीर्थराज भिंतीला टेकून उभा होता.

"दाइ, किल्ली द्या. खाली ओढ्याकाठी अजून गावं आहेत. नेपाळीतच सांगते, नाहीतर खरं धरायचे नाहीत."

त्याने खिशात हात घातला.