सुभद्राकाकीची डबी आणि परत आलेला अर्ज

मित्रांनो, एका मोठ्या विमा कंपनीला मी एकटीने हलवून सोडले आहे. मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. उंची दोन बोटे. झाकणावर गुलाब होता, आता देठ तेवढा उरलाय.

जन्माने मी घशाच्या गोळ्यांची, म्हणजे घराणे आरोग्याचेच. गोळ्या संपल्या आणि तारकर्लीच्या सुभद्राकाकीने माझ्यात मशेरी भरली. रोज सकाळी ती मागील दारी बसून काळी पूड बोटाने दातांना लावी. शेजारची अ‍ॅनी चिमूटभर मागायला येई आणि तारीफ करून जाई. दिवस मानाचे होते.

काकीच्या लेकीला, सारिकाला, मडगावच्या हॉटेलात नोकरी लागली, पण ती अडून बसली. "आये, तुका आजारपणाची पॉलिसी मिळाली की मी जातंय. तवसर नाय."

मग अ‍ॅनीचा मुलगा सिडनी, विम्याचा एजंट, अर्ज घेऊन आला. शुद्ध मराठीत त्याने वाचले, "आपण तंबाखूचे सेवन करता का?"

"मी नाय बाबा. ती पुरुषांची थेरां," काकी म्हणाली. मी तिच्या मांडीवर होते, तिचे बोट तोंडात होते. सिडनीने मान वर न करता 'नाही' लिहिले.

अर्ज परत आला. सिडनीच तो घेऊन आला.

"काकी, लघवीच्या तपासणीत तंबाकू गावली. माहिती लपवल्यात म्हणतत."

"माज्या पोटात तंबाकू खंयसून इली? बाटली बदलली आसतली."

सारिका आईकडे बघत होती. "आये, आता काय करतंस?"

"दात घासतंय."

"कसल्यान?"

"मशेरीन."

"मशेरी कसली गो?"

"भाजलेल्या तंबाकूची..." काकीचे बोट तोंडातच थांबले.

सिडनी हळूच म्हणाला, "आमची मम्मी पण दातच घासता."

सारिकाने मला घासूनपुसून माळ्यावर टाकले. मशेरी सुटेपर्यंत काकी कोंबड्यांवरसुद्धा डाफरत होती. पण सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धीर दिला आणि सवय सुटली.

मग दुसरा अर्ज आला. सिडनीने तोच प्रश्न वाचला.

"होय. मशेरी लावी होतंय, आता बंद. लिही, सगळा लिही. अ‍ॅनीचा पण लिही."

"तिचो अर्ज वेगळो, काकी."

या वेळी कंपनीने हप्ता थोडा वाढवला, पण होकार दिला. सारिका मडगावला गेली. जाताना तिने मला माळ्यावरून उतरवले आणि माझ्यात साखर लावलेली बडीशेप भरली. अ‍ॅनी हल्ली तीच मागायला येते, जरा नाक मुरडून.

मित्रांनो, नाकारलेल्या प्रत्येक अर्जामागे लबाडीच असते असे नाही. कधी कधी माणसाला आपली सवय ही सवयच वाटत नाही. म्हणून घरातली माणसे असा अर्ज भरायला बसली की त्यांच्या मांडीवर काय आहे ते एकदा बघा.

बाकी माझे काही मागणे नाही. तेवढे झाकण नीट लावत जा. मुंग्या येतात, आणि मला गुदगुल्या होतात.