अभ्रा नसलेली वही

मी एक जुनी वही आहे. मापांची वही. माझा पुठ्ठा काळा आहे. कोपरे कधीकाळी लाल होते, आता त्यांचा रंग कुठला म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करते. मी मत्सरी आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या सुखावर जळत आले आणि एकदा तर त्या जळण्यापायी एका भल्या माणसाचं काळीज दुखावलं.

मला आमच्या देशाच्या राजधानीत, अक्राच्या एका छापखान्यात बांधलं. दोनशे पानं, निळ्या रेघा, शेवटच्या पुठ्ठ्यावर पाढे. माझ्याबरोबर बांधलेल्या बहिणी शाळांमध्ये गेल्या. मी मात्र एका बाईच्या डोक्यावरच्या टोपलीतून कुमासीच्या बाजारात आले आणि तिथून फ्रेमा मॅडमच्या दुकानात. दुकान म्हणजे तफो भागात रस्त्याकडेला ठेवलेला एक निळा लोखंडी कंटेनर, त्याला कापून केलेली खिडकी, आत दोन शिवणयंत्रं आणि एक पंखा. आमच्याकडे कपडे शिवणाऱ्या बाईला सगळे मॅडमच म्हणतात.

पहिल्याच दिवशी तिने माझ्या पहिल्या पानावर एका गिऱ्हाइकाची छाती, कंबर, खांदा, बाही लिहिली. मला वाटलं, झालं, आता आपलं आयुष्य इंचांतच जाणार. पण त्याच दुपारी वीज गेली.

आमच्याकडे वीज जायची तेव्हा यंत्रं गप्प व्हायची, पंखा गप्प व्हायचा आणि फ्रेमा मॅडम कादंबरी काढायची. शेजारची पोकुआ, जी दुकानाच्या दारातच पिकली केळी मसाला लावून तळायची, ती ओरडायची, "गेली गं बाई वीज! आता हिला हाक मारून उपयोग नाही." आणि खरंच नसायचा. वीज परत आली की मॅडम कादंबरी मिटायची, मला उलटं करायची आणि माझ्या मागच्या बाजूने लिहायला घ्यायची. पुढून मापं, मागून कादंबऱ्या, असा माझा संसार सुरू झाला.

ती कादंबऱ्यांचीसुद्धा मापंच घ्यायची. 'सुरुवात अंगाबरोबर बसते. मधे घेर फार. शेवटी काठ दुमडायचाच राहिला.' एका जाडजूड कादंबरीबद्दल लिहिलं होतं, 'दोनदा रडले. त्यातलं एकदा पोकुआच्या धुरामुळे असेल.' आणि ज्या पूर्ण व्हायच्या नाहीत त्यांच्याबद्दल, 'पान ८८. इथे सोडली. नायक श्रीमंत आहे हे कळलं. पुन्हा पुन्हा कळलं.'

खरं सांगते, या सोडलेल्या कादंबऱ्यांवर माझा फार जीव. कारण वाचलेल्यांचे लाड मला बघवत नव्हते. नवी कादंबरी हातात आली की मॅडम आधी उरलेल्या कापडातून तिला अभ्रा शिवायची, आपण उशीला घालतो तसा, यंत्राच्या तेलाचे डाग पडू नयेत म्हणून. कुणाला फुलांचा, कुणाला जांभळा, एकीला तर लग्नाच्या कापडाचा. कादंबरी आवडली तर अभ्रा तिच्या अंगावरच राहायचा. सोडली, तर मॅडम कात्रीच्या टोकाने टाका उसवायची आणि तिला उघडीनागडी परत करायची. तो टाका तुटल्याचा आवाज माझ्या कानाला किती गोड लागायचा म्हणून सांगू!

आणि मला? मला कधीच काही नाही. तेलाचे डाग माझ्यावर, खडूची पूड माझ्यावर, केळ्याचं तेल माझ्यावर. कादंबऱ्या तिच्या मांडीवर, मी टेबलाच्या कडेला. त्यांना ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. मला आजवर कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. लोक माझं एखादं पान उघडत, आपली कंबर बघत, तोंड वाकडं करत आणि मिटून टाकत.

कादंबऱ्या यायच्या अप्राकू मास्तरांकडून. मास्तर निवृत्त होते, घरी एकटेच. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली होती. दर महिन्याला एक कादंबरी घेऊन यायचे आणि आधीच्या कादंबरीचा हिशोब विचारायचे.

"काय मॅडम, काय माप निघालं?"

"मास्तर, हिला बाह्याच नाहीत हो. नुसती कॉलर!"

मास्तर पोट धरून हसायचे. "लिहिणाऱ्याला कळवू का?"

"कळवा की. म्हणावं, घेऊन ये, बाह्या मी लावून देते."

हे सगळं माझ्यावरच लिहिलेलं होतं; मला वाटायचं, मास्तरांनी एकदा तरी म्हणावं, वही दाखवा. पण मास्तरांनी कधी मागितलं नाही. त्यांना तिच्या तोंडून ऐकायला आवडायचं.

एकदा त्यांनी एक बारीकशी, तपकिरी मुखपृष्ठाची कादंबरी आणली. लेखकाचं नाव कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

"ही जरा सावकाश वाचा," मास्तर म्हणाले.

"एवढीशी तर आहे."

"तरीही."

मॅडमने तिला पिवळ्या कापडाचा अभ्रा शिवला, वर एक छोटं बटणही लावलं. बटण! माझा तिळपापड झाला. पण तीनदा वीज गेली आणि तिसऱ्यांदा मॅडमने सुस्कारा टाकून कात्री घेतली. टाका तुटला, बटण डब्यात गेलं. मग तिने माझ्यावर लिहिलं: 'पान ४१. सोडली. घरातली बाई एकेचाळीस पानांत एक शब्द बोललेली नाही. नुसती रांधते आणि खोकते. लिहिणाऱ्याने हिचं माप घेतलंच नाही. नवऱ्याच्या मापावर बायकोचा झगा बेतला.' मी मनातल्या मनात नाचले.

दोन दिवसांनी मास्तर शर्टाचं माप द्यायला आले. शाळेचा समारंभ होता, त्यांचा सत्कार व्हायचा होता. मॅडमने फीत धरली, आकडे लिहिले आणि तेवढ्यात वीज आली. यंत्रं घरघरली. एका नवरीचे कपडे अडून राहिले होते, म्हणून मॅडम धावत यंत्रावर बसली.

"मास्तर, मागच्या वर्षीची कंबर बघून घ्या तुम्हीच. वही तिथंच आहे."

पंखाही सुरू झाला होता. माझी पानं फडफडली. मित्रांनो, हीच माझी चूक. वाऱ्याने मी उलटी झाले, हे खरं. पण मागच्या बाजूला, त्या ताज्या शाईच्या पानावर, मी पाठ ताठ करून उघडी राहिले. मला मिटता आलं असतं. जुन्या वह्यांना आपली पाठ कुठे मोडायची ते कळतं. मला वाटलं, बघू देत एकदा मास्तरांना, त्यांच्या लाडक्या कादंबऱ्यांची काय किंमत आहे ती! आणि माझ्यावर काय सुरेख लिहिलंय तेही.

मास्तर वाचत उभे राहिले. एकदाच वाचलं नाही, दोनदा वाचलं. मग त्यांनी मला हलकेच मिटलं, जसं झोपलेल्या माणसाचं दार लोटतात तसं.

"सापडलं का माप?" मॅडमने मान वर न करता विचारलं.

"सापडलं," मास्तर म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. शर्ट शिवून झाला. निळसर, खांद्याला सुबक. तो खिळ्याला लटकत राहिला. समारंभ होऊन गेला. मॅडमने निरोप पाठवला, उत्तर आलं, मास्तर कामात आहेत. वीज जायची, मॅडम हात मांडीवर ठेवून नुसती रस्त्याकडे बघत बसायची. कादंबरी नाही, म्हणून माझी मागची बाजूही कुणी उघडेना. चार महिने! ज्यांचा मी एवढा दुस्वास केला त्यांच्यामुळेच माझ्या मागच्या पानांना शाई मिळत होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला माझीच लाज वाटली.

मग एका दुपारी पोकुआने केळी आणून दिली, कागदात बांधून. तिला एका छापखान्यातून वाया गेलेले कागद मिळायचे. मॅडमने कागद उलगडला आणि तिचा हात थांबला. छापलेला मजकूर होता, त्यावर लाल शाईने दुरुस्त्या. 'खोकते' या शब्दाखाली लाल रेघ आणि बाजूला बारीक, तिरप्या अक्षरात काहीतरी खोडलेलं.

"पोकुआ, हे अक्षर मास्तरांचं आहे."

"असेल बाई. मी केळी बांधते, अक्षरं नाही बघत."

"आणि हे पान त्या तपकिरी कादंबरीचं आहे." मॅडमने टेबलाखालून ती उघडी कादंबरी ओढून काढली. पानं जुळवली. तिचा चेहरा पडला. "त्यांनीच लिहिली होती गं. दुसऱ्याच्या नावाने. आणि ती खोकणारी बाई म्हणजे..."

"त्यांची बायको," पोकुआ म्हणाली. "एक सांगू? त्या दिवशी मी इथूनच बघितलं. मास्तर तुझी वही वाचत होते. उलटी. मला वाटलं, कंबर बघताहेत."

मॅडमने मला उचललं आणि ते पान उघडलं. मला तेव्हा कापडाखाली लपावंसं वाटलं.

"फाडून टाक ते पान आणि जा माफी मागायला," पोकुआ म्हणाली.

"कशाची माफी? एकेचाळीस पानांपर्यंत मी लिहिलंय ते खरंच आहे. पुढचं मी वाचलंच नाही, ती चूक."

त्या आठवड्यात वीज जायची वाटही तिने बघितली नाही. यंत्र बंद करून वाचलं. आणि पानागणिक माझ्यावर लिहिलं. 'पान ५६. अजून गप्पच. मास्तर, ती एवढी गप्प होती का हो? माझ्याकडे कपडे शिवायला यायची तेव्हा गळ्यावरून माझ्याशी भांडायची.' 'पान ७३. पाऊस लांबलाय. कापा.' 'पान ९७. बोलली! "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." मी यंत्रावरच रडले. हे वाक्य पाचव्या पानावर हवं होतं. शिवणीत कापड राखलंय तुम्ही. उसवा, सैल होईल.' मागून येणारी कादंबरी आणि पुढून येणारी मापं माझ्या मधल्या पानांवर भेटली. जिचा मी सगळ्यात जास्त मत्सर केला तिनेच माझी उरलेली सगळी कोरी पानं घेतली.

मग मॅडमने नवी वही आणली. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं तिच्यावर उतरवली. ती नवी, करकरीत, लाल कोपऱ्यांची. मी बघत होते. काय वाटलं ते विचारू नका.

पिवळा अभ्रा पुन्हा कादंबरीच्या अंगावर चढला, बटणासकट. कादंबरी, शर्ट आणि मी, तिघांना एका फडक्यात बांधलं.

"अख्खी वही का देतेस?" पोकुआने विचारलं. "तेवढी पानं दे."

"त्यांनी एकच पान वाचून मला सोडलंय," मॅडम म्हणाली. "मी त्यांना सोडलं तसंच. आता सगळं वाचू दे."

मास्तरांनी घरी आलेलं ते फडकं दोन दिवस सोडलंच नाही. तिसऱ्या दिवशी सोडलं. आधी ते दुखरं पान, मग पुढची. ते हसले, रागावले, चष्मा पुसला. वाचून झालं तरी मला मिटलं नाही. मागच्या बाजूच्या जुन्या नोंदी वाचल्या, सोडलेल्या आणि न सोडलेल्या कादंबऱ्यांच्या. आणि मग, मित्रांनो, त्यांनी मला सुलटं केलं आणि मापं वाचायला घेतली. मापं कोण वाचतं हो? ते ओळीने वाचत गेले, लोकांचे खांदे, बाह्या, लग्नं, बाळंतपणं, आणि मधेमधे स्वतःचं नाव. कंबर ३८. कंबर ३८. मग बायको गेली त्या वर्षी, 'कंबर ३४. जुन्या शर्टांची बटणं सरकवून दिली. सांगितलं नाही.' पुढच्या वर्षी, 'कंबर ३२. जेवत नाहीत. पोकुआला सांगितलं, दिसले की केळी दे.' आणि शेवटचं, ते दुखरं पान वाचलं त्याच दिवशीचं, 'कंबर ३१. खांद्यात आतून अस्तर घालायचं. सत्काराला हाडं दिसू नयेत.'

मास्तरांनी फडक्यातला निळसर शर्ट हातात घेतला, खांदा उलटा करून अस्तर बघितलं. मग तो छातीशी धरला. मीही उघडीच होते. या वेळी मला मिटायचं नव्हतं आणि त्यात कसलाही मत्सर नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते शर्ट घालून दुकानात आले. पोकुआने झारा हवेतच धरला. मॅडम उठून उभी राहिली.

"बसला का?" तिने विचारलं.

"बसला. अगदी." मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं. "कादंबरी पुन्हा लिहायला घेतलीय. पाचव्या पानावर बोलायला लावलंय तिला. आता गप्पच बसत नाही." मग खाकरून म्हणाले, "एक काम आहे. या वहीला अभ्रा शिवून द्या."

"वहीला?" मॅडम हसली, तेही डोळे पुसत. "मापाच्या वहीला कुणी अभ्रा घालतं का मास्तर?"

"तुमचाच नियम आहे. शेवटपर्यंत वाचलेल्याला अभ्रा. मी ही शेवटपर्यंत वाचली."

मित्रांनो, आता माझ्या अंगावर निळसर अभ्रा आहे, मास्तरांच्या शर्टाच्या उरलेल्या कापडाचा. मी त्यांच्या टेबलावर असते. तरीही वीज गेली की माझं मन तफोतल्या त्या निळ्या कंटेनरकडे धावतं. तिथल्या नव्या वहीचा मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? तुम्ही कादंबरी अर्धी सोडलीत तरी चालेल. पण कुठे सोडली आणि का, ते कुठल्यातरी जुन्या वहीत लिहून ठेवा. आणि कुणाची वही हाती लागली, एखादं पान वाचून मन दुखलं, तर तिथेच मिटू नका. तिला उलटी करा आणि दुसऱ्या बाजूनेही वाचा.