भूगोलाच्या बाईंचा ड्रोन

बत्तीस वर्षं फळ्यावर नद्या काढून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाईंना एकदा तरी खरी नदी वरून बघायची होती, तिचे फोटो काढायचे होते. म्हणून त्या ड्रोन घ्यायला निघाल्या. सोबत जावई निघाले, कारण त्यांना ड्रोनमधलं सगळं कळत होतं. त्यांनी आजवर एकही उडवला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

"आई, घ्यायचा तर मोठाच घ्या," दुकानात शिरताच ते म्हणाले. "पाच किलोमीटर जातो."

"आपली नदी पाव किलोमीटरवर आहे," बाई म्हणाल्या.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आधी कधी उडवलाय का?"

"मी आहे ना," जावई म्हणाले.

मुलीने दोघांना मागच्या अंगणात नेलं. जावयांनी मोठा ड्रोन झोकात वर चढवला आणि एक गिरकी दिली. गिरकीनंतर त्याचं तोंड त्यांच्याकडे झालं. तोंड फिरलं की डावं-उजवं उलटं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी डावीकडे दाबलं, तो उजवीकडे सुटला आणि शेजारच्या लाँड्रीवाल्याच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन गुरफटला.

"बॅटरी उतरली असणार," जावई म्हणाले.

मुलीने पडद्यावर पाहिलं. "एक्क्याण्णव टक्के आहे."

लाँड्रीवाल्याने चादरीसकट ड्रोन आणून दिला आणि जावयांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग मुलीने बाईंच्या हातात तळहाताएवढा ड्रोन दिला. पात्यांभोवती जाळीचं कडं होतं, आणि बटणं सोडली की तो जागच्या जागी थांबायचा. बाईंनी तो पाच वेळा भिंतीवर आपटला. पाचही वेळा उचलून, फुंकर मारून, पुन्हा उडवला.

"हाच द्या," त्या म्हणाल्या. "पोरांचं आणि याचं सारखंच. पडून न मोडणारंच शिकतं."

"फोटो साधारण येतात हं याचे," जावई पुटपुटले.

संध्याकाळी गच्चीवर पहिला फोटो निघाला. ड्रोन नेमका जावयांच्या डोक्यावर होता. मोठ्या कसबाने विंचरून झाकलेलं टक्कल फोटोत लख्ख दिसत होतं.

बाईंनी चष्मा सारखा केला. "पठार स्पष्ट आलंय. कडेने विरळ झुडपं."

लेक हसता हसता खालीच बसली. जावई आधी घुश्शात होते. मग फोटो मोठा करून बघता बघता त्यांनाही हसू फुटलं.

"आई, जरा आणखी वर न्या," ते म्हणाले. "चाळीस मीटरवरून सगळे सारखेच दिसतात."

"तुम्हीच न्या," बाईंनी रिमोट त्यांच्या हाती ठेवला. "पण सावकाश. आणि गिरकी नको."

जावयांनी श्वास रोखून बटण दाबलं. ड्रोन हळूहळू वर गेला. रिमोटवरच्या मोबाइलमध्ये आधी गच्ची, मग रस्ता आणि मग कडेने वळण घेत गेलेली नदी दिसू लागली. बाई वाकून पाहत राहिल्या.

"बत्तीस वर्षं फळ्यावर हे वळण मी उलटं काढत होते," त्या म्हणाल्या.