भावाची मुलगी

टेलरबाईंचा नवरा काजं-बटणं करता करता सांगायचा, आमच्या हिच्या तोंडात टाचण्या असतात तेवढाच वेळ दुकानात शांतता असते. टेलरबाईंना ते मान्य होतं. गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय त्यांची टेप उलगडत नसे.

एका दुपारी एक गोडबोली चष्मेवाली आपला जुना ड्रेस आणि एक सुकलेली पोर घेऊन आली. घरी पाहुणे यायचेत, ड्रेस हिच्या मापाचा करून द्या, म्हणाली. पोर कोण? तर सख्ख्या भावाची मुलगी. टेलरबाईंनी पोरीला शिक्षण विचारलं, उत्तर चष्मेवालीने दिलं. गाव विचारलं, तेही तिनेच सांगितलं. पोरीचे हात साबणाने सोलून निघाले होते. सरळ उभी राहा, असं चष्मेवालीने दटावलं, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "हो मावशी."

टेलरबाईंची टेप थांबली. मावशी काय, भाजीवालीलाही म्हणतात. पण बापाच्या सख्ख्या बहिणीला कुणी आत्या सोडून मावशी म्हणेल? पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यांनी पोरीला ट्रायलच्या पडद्याआड नेलं. चष्मेवालीही मागे निघाली, पण टेलरबाई शिरल्यावर तिथे मुंगीलाही जागा उरत नसे. देवाने दिलेल्या या घेराचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच अभिमान वाटला. टाचणी लावता लावता त्या पुटपुटल्या, "घराला कुलूप आतून असतं की बाहेरून?"

"बाहेरून."

"जायचंय तुला तिथून?"

पोरीने मान डोलावली.

बाहेर येऊन मात्र त्या छान हसल्या. ड्रेस परवा मिळेल, पण पोरीला आणायलाच हवं, अंगावर बघितल्याशिवाय मी धागा तोडत नाही, असं त्यांनी ठणकावलं. दोघी गेल्यावर त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. नवरा म्हणाला, नसता चोंबडेपणा अंगाशी येईल. फोन मध्येच तुटला, तेव्हा दुसऱ्यांदा त्यानेच लावून दिला.

ठरल्या दिवशी दुकानातल्या बाकावर साध्या वेशातल्या दोन पोलीस बायका कापडं चाळत बसल्या होत्या. पुढचं सगळं आरडाओरड न होता पार पडलं. नोकरी लावते म्हणून आणलेली ती पोर दिवसरात्र घरकामाला जुंपलेली होती.

तिची आई तिला न्यायला आली, तेव्हा पोरीच्या अंगावर टेलरबाईंनी शिवलेला कोरा ड्रेस होता, कुणाचा उतरलेला नव्हे. निघताना दुकानाच्या दारात वळून ती म्हणाली, "येते, आत्या."

टेलरबाई काही बोलल्या नाहीत. तोंडात टाचण्या होत्या, असं त्या सांगतात. नवरा म्हणतो, एकही नव्हती.