सुनावणीचं सरपण

आमच्या ईस्ट वॉरबरीत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची पारख कुऱ्हाडीवर होते. भाषण काय, कोणालाही येतं.

पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक देशात सगळ्यात आधी न्यू हॅम्पशायरात, असा आमच्या राज्याचा कायदाच आहे. त्यामुळे पक्षाचं तिकीट मागणारा प्रत्येक जण वर्षभर आधीपासून आमच्या डोंगराळ गावांतून हिंडत असतो. इथलाच वाटावा म्हणून तो चौकड्यांचा शर्ट घालून येतो. शर्टाच्या दुकानातल्या घड्यासुद्धा मोडलेल्या नसतात. असा शर्ट रस्त्यात दिसला की अल्मायरा पीसली फाटकापाशी येतात, त्याच्याशी हात मिळवतात आणि त्याच हातात कुऱ्हाड ठेवतात. मागे फोटोवाले उभे असतात. त्यांच्यासमोर कुऱ्हाड परत करणारा माणूस देश काय चालवणार?

अल्मायराबाई एक्याऐंशीच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच राहतात. घर लाकडाच्या शेगडीवर तापतं आणि आमच्याकडचा हिवाळा एकदा आला की जावयासारखा मुक्काम ठोकतो. पण दर चार वर्षांनी दोन्ही पक्षांचे मिळून ढीगभर उमेदवार यायचे, ओंडके फोडायचे, शेडमध्ये रचायचे, वर मेपलच्या पाकात शिजवलेले बीन्स खाऊन बाईंची तारीफ करून जायचे. ते सरपण पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरायचं. दोन्ही पक्षांची लाकडं सारखीच जळतात, असा बाईंचा अनुभव आहे.

तऱ्हा मात्र वेगवेगळ्या. एका उबदार राज्याच्या गव्हर्नरसाहेबांनी सकाळभर घाव घातले. ओंडका होता तसाच राहिला, पण साहेबांनी त्याच्यावर पाय ठेवून आभाराचं भाषण केलं. एक सेनेटर प्रत्येक घावाआधी सल्लागाराकडे बघायचे. एका उद्योगपतीने विचारलं, "हे काम बाहेर देता नाही येणार?"

"बाहेरच दिलंय, बाबा," अल्मायराबाई म्हणाल्या. "तुला."

मागच्या खेपेला गणित फसलं. राष्ट्राध्यक्ष स्वतःच पुन्हा उभे होते, त्यामुळे त्यांच्या पक्षातून कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या पक्षातून मोजके आले, त्यातल्या एकाची पाठ धरलेली. शेड अर्धीसुद्धा भरली नाही. तिसऱ्या हिवाळ्यात बाई स्वयंपाकघरात कोट घालून बसल्या आणि नेमकी त्याच वेळी त्यांची मुलगी कोरीन भेटायला आली.

कोरीन कॉनकॉर्ड शहरात असते, दातांच्या दवाखान्यात नोकरीला. मुलगी मायाळू, पण एकदा चिमटा लावला की सोडत नाही.

"आई, बास झालं," ती म्हणाली. "पुढच्या हिवाळ्याआधी शेड भरली नाही तर तू माझ्याकडे राहायला यायचं. घर बंद करायचं. माझ्याकडे बटण दाबलं की गरम होतं. लिफ्ट आहे."

"लिफ्टने वर जाऊन बघायचं काय?"

"पार्किंग."

बाईंनी ताबडतोब होकार दिला. कारण पुढचं वर्ष म्हणजे निवडणुकीच्या आधीचं वर्ष. चौकड्यांचे शर्ट येणारच होते.

आणि त्याच वसंतात दोन्ही पक्षांनी मिळून जाहीर केलं की प्राथमिक निवडणुकांच्या वेळापत्रकात सुधारणा करायची. राज्याचा कायदा काहीही म्हणो, दर वेळी तेच चिमुकलं राज्य पहिलं, हा अन्याय आहे. देशाचे चार विभाग पाडायचे आणि पहिलेपणाचा मान आळीपाळीने द्यायचा. आमच्या विभागाचा नंबर चौथा होता. म्हणजे आपला नंबर येईपर्यंत अल्मायराबाईंना नव्वदी ओलांडावी लागणार होती. तोवर उमेदवार मोठ्या शहरात विमानाने उतरणार, विमानाच्या शिडीवरूनच बोलणार आणि त्याच विमानाने जाणार. विमानतळावर कोणी लाकडं फोडत नाही.

मात्र निर्णयाआधी एक आयोग लोकांचं म्हणणं ऐकणार होता. काही गावं निवडली होती, त्यात आमचं गाव होतं. सुनावणीची तारीख ज्या त्या गावाने आपल्या सोयीने ठरवावी, असं पक्षांनी कळवलं. इथे पक्ष चुकले.

गावचा कारभार ओरिन टिबेट्स बघतो. त्याने आधी ऑक्टोबर म्हटलं. मग कळलं की दक्षिणेतल्या एका गावाने सप्टेंबर धरलाय.

"म्हणजे आपण दुसरे?" ओरिन म्हणाला.

"अरे, सुनावणी आहे ती, निवडणूक नाही," मी म्हटलं.

"आज सुनावणीत दुसरे राहिलो तर उद्या निवडणुकीत कोण विचारतो?"

ओरिनने ऑगस्ट केला. दक्षिणेने जुलै केला. देशाच्या मधल्या, मक्याच्या पट्ट्यातलं एक गाव मधेच जूनवर उडी मारून बसलं. शेवटी ओरिनने मे महिना जाहीर केला आणि खुशीत सगळ्यांना सफरचंदाच्या सायडरमधले डोनट खाऊ घातले.

मे महिन्यात रस्त्यांवर घोटाभर चिखल असूनही सभागृह भरलं. मंचावर पाच खुर्च्या मांडल्या होत्या, प्रत्येकीपुढे पाण्याचा ग्लास. खुर्च्या रिकाम्या होत्या.

"कुठे अडकले?" कोणीतरी विचारलं.

ओरिनने बाहेर जाऊन एका पक्षाच्या कचेरीला फोन लावला आणि परत येऊन शांतपणे सांगितलं, "आयोग अजून नेमला नाही. नावं पुढच्या महिन्यात ठरणार आहेत."

लोक रिकाम्या खुर्च्यांकडे बघू लागले.

"मग तो उशीर त्यांचा झाला," ओरिन म्हणाला. "आपण वेळेवर आहोत. सुरू करू या."

सुनावणी रीतसर झाली. अल्मायराबाई उठून सुधारणेच्या विरोधात कडक बोलल्या. पूर्ण वेळ त्या तिसऱ्या खुर्चीकडे बघत होत्या. ती जरा लक्ष देऊन ऐकते आहे असं वाटलं, असं त्यांनी नंतर मला सांगितलं.

पुढे आयोग नेमला गेला, पण उमेदवारांची पंचाईत झाली. कोणतं राज्य पहिलं हेच ठरेना, तर शर्ट कुठला घ्यायचा? सप्टेंबर उजाडला तरी आमच्या रस्त्यावर एकही चौकडी दिसली नाही. अल्मायराबाईंच्या अंगणात वर्षभर वाळलेले ओंडके तसेच पडून होते आणि शेड रिकामी होती. कोरीन खोकी घेऊन आली आणि स्वयंपाकघरातले कप कागदात गुंडाळायला लागली.

त्याच दिवशी आयोग आला. स्वतः ठरवलेल्या तारखेला, पाचच्या पाच जण. अध्यक्षा डॉक्टर व्हॅन्डरमोलन या प्राध्यापक होत्या आणि त्यांच्या काखेत देशाचा रंगीत नकाशा होता. सभागृहाला कुलूप होतं आणि पायरीवर ओरिन बसला होता.

"सुनावणी झाली, मॅडम," तो म्हणाला. "मे महिन्यात."

"आमच्याशिवाय?"

"खुर्च्या मांडल्या होत्या. तुम्ही आला नाहीत."

"अहो, मे महिन्यात आयोगच नव्हता."

"ते तुमचं आपसातलं प्रकरण आहे. मी त्यात कशाला पडू?"

"बरं, मग आज दुसरी सुनावणी घेऊ."

ओरिनने टोपी काढून पुन्हा घातली. "दुसरं आमच्या गावात काही होत नाही, मॅडम. लोक येणार नाहीत."

आणि खरंच कोणी आलं नाही. ज्यांना अजिबात काम नव्हतं तेसुद्धा तत्त्वासाठी घरात बसून राहिले. मी माझ्या ओसरीवर बसलो होतो. तिथून सभागृह दिसतं आणि अल्मायराबाईंचं अंगणही, त्यामुळे तत्त्व पाळणं सोपं गेलं.

गावात उघड्यावर एकच माणूस होतं. अल्मायराबाई ओंडक्याशेजारी कुऱ्हाड टेकून उभ्या होत्या. आयोग तिकडे वळला.

"बाई, वेळापत्रकाबद्दल तुमचं मत सांगाल?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझं सांगून झालंय. तिसऱ्या खुर्चीला विचारा."

पाचही जण एकमेकांकडे बघू लागले. मग अध्यक्षा हळूच म्हणाल्या, "निदान एका माणसाशी बोलल्याशिवाय आम्हाला परत जाता येत नाही हो."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. पाच जण, दहा हात. "साक्ष मी देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण काम करता करता माणूस बोलतोच." आणि दक्षिणेतून आलेल्या डुप्री वकिलांच्या हातात त्यांनी कुऱ्हाड दिली.

डुप्रींचे पहिले घाव शिष्टाचाराचे होते. तेवढ्यात मक्याच्या पट्ट्यातले लुंडक्विस्ट लाकडं उचलता उचलता म्हणाले, "तरी पहिला मान आमच्याकडे असायला हवा. आमचे शेतकरी विचारी आहेत."

"आणि आमचे काय झोपेत मतं देतात?" डुप्री म्हणाले आणि ओंडका एका घावात उभा चिरला गेला.

अल्मायराबाईंनी दोन्ही तुकड्यांकडे पाहिलं. उमेदवार हसत हसत घाव घालतात, म्हणून ते लागत नाहीत, हे एवढ्या वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी दुसरा ओंडका ठेवला आणि भोळेपणाने विचारलं, "पण विचारी म्हणजे, दक्षिणेतल्यांपेक्षा जास्त का?"

त्यानंतर त्यांना फारसं काही करावं लागलं नाही. वाद थंडावला की त्या एखादा प्रश्न सोडायच्या. एकदा तर "आमच्यासारख्या चिमुकल्या राज्याला एवढा मान कशाला, नाही का?" असं स्वतःच म्हणाल्या, आणि त्या प्रश्नावर गाठी पडलेले सगळे ओंडके फोडून निघाले. शेडमधून दुसरी कुऱ्हाड आली, मग तिसरी. अध्यक्षा भांडण मिटवायला मधे पडल्या आणि थोड्या वेळाने त्याही घाव घालू लागल्या. रंगीत नकाशा गुडघ्याखाली घेऊन एक सदस्य शेडमध्ये लाकडं रचत होते. फोटोवाला कोणीच नव्हता, त्यामुळे थांबायचं कधी हे कोणालाच कळेना.

कोरीन बाहेर आली. हातात कागदात गुंडाळलेला कप होता. शेड दारापर्यंत भरत आली होती.

"आई, हे कुठले उमेदवार?"

"उमेदवार नाहीत. सुधारक आहेत."

"किती वेळ आहेत?"

"एकमत होईपर्यंत."

कोरीनने अंगणातल्या आवाजाचा थोडा वेळ अंदाज घेतला. मग कपावरचा कागद काढला आणि आत जाऊन कॉफी ठेवली.

संध्याकाळी अध्यक्षा खुंटावर टेकल्या. बाह्या वर, केसांत भुसा. "आज काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "या वेळी जुनंच वेळापत्रक चालू दे. पुढच्या वर्षी पुन्हा बसावं लागेल. बाई, खरं सांगा, तुमचा या सुधारणेला विरोध आहे?"

"होता," अल्मायराबाई बीन्सचं भांडं पुढे सरकवत म्हणाल्या. "आता नाही. सुधारणा झालीच पाहिजे. फक्त घाई करू नका. दर वर्षी येऊन नीट चर्चा करा."

कोरीन खोकी रिकामीच घेऊन परत गेली.

आता ओरिन पुढच्या सुनावणीच्या तारखेमागे लागलाय. दक्षिणेने जून धरल्याचं कानावर आलंय, म्हणून तो एप्रिल म्हणतो. गावात एप्रिलच्या चिखलाबद्दल कुरकुर झाली, तेव्हा त्याने अल्मायराबाईंना विचारलं.

"एप्रिल उत्तम," त्या म्हणाल्या. "फोडलेलं लाकूड उन्हाळाभर वाळेल. फक्त या वेळी आयोग नेमलेला आहे ना, तेवढं आधी विचारून घे."